एमजीबीचे बुश: साधं रबर, व्ही-८वाले, पॉली की डेल्रिन?

क्रोम_बंपर

गाडी १९७२ची एमजीबी जीटी. तिच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतले बुश, म्हणजे धक्का झेलणारी रबरी नळकांडी, बदलायचे आहेत. क्रोम बंपर, तारांची चाकं, मूळचेच लेव्हर आर्म डँपर (दांडीने चालणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर), उंची कंपनीची. इंग्लंडात चालते, एप्रिल ते ऑक्टोबर, आठवड्याला शंभरेक मैल. ट्रॅकवर जायची नाही.

लक्षणं अशी. ब्रेक दाबला की पुढून एकदाच 'ठक'. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टीअरिंग सारखं सावरावं लागतं. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना मागून ठोका. खाली जाऊन टॉमी (लोखंडी पहार) घालून रेटलं तर खालच्या विशबोनचा (चाक धरणाऱ्या आर्मचा) आतला डोळा शाफ्टवर ३-४ मिमी हलतो. खाचा असलेल्या कॅसल नटामागची मोठी चकती डोळ्याच्या मध्यावर नाही, वरच्या बाजूला सरकलेली दिसते, आणि रबराच्या कडा चिवड्यासारख्या भुगा होऊन बाहेर आल्या आहेत.

बाजारात चार पर्याय दिसतात: मूळ पद्धतीचे दोन अर्धुकांचे रबरी बुश, व्ही-८ मॉडेलचे अखंड बुश, रंगीत पॉलीयुरेथेनचा (पॉलीचा) पूर्ण गाडीचा किट, आणि डेल्रिन या कडक प्लास्टिकचे लेथवर काढलेले. पूर्ण किट घेतला तर एका फटक्यात काम संपतं. तो मोह होतोय. काय घ्यावं, आणि बसवताना काय चुकतं?

घोडीवर_गाडी

पूर्ण किट घेऊ नका. 'गाडीला कोणतं मटेरिअल' हा प्रश्नच फसवा आहे. प्रत्येक सांध्याला काय काम आहे ते बघून मटेरिअल ठरतं, आणि एमजीबीत सांध्यांची कामं अगदी वेगवेगळी आहेत.

त्याआधी खात्री करा की खडखड बुशचीच आहे. या गाडीत डँपरचा आर्म हाच वरचा विशबोन. डँपरच्या शाफ्टचं बेअरिंग झिजलं असेल तर खाली सोन्याचे बुश घाला, गाडी भरकटतच राहणार. चाक उचला, वर-खाली धरून हलवा. मग दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर ढिलाई हबच्या बेअरिंगमध्ये. तरीही हलत असेल तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती उभी पिन), वरचा ट्रनियन (तिच्या वरच्या टोकाचा सांधा) किंवा डँपरचा शाफ्ट. आर्म डँपरच्या अंगात शिरतो तिथे बोट ठेवा, कळतं. तेलाचा ओघळही तिथूनच येतो, आणि तो खाली बुशवर पडून रबर फुगवतो.

आता पुढच्या खालच्या विशबोनचं. एका बाजूला पत्र्याचे दाबून काढलेले दोन आर्म, आतल्या टोकाला दोघांना मिळून एकच शाफ्ट, जो क्रॉसमेंबरला (पुढच्या आडव्या लोखंडी तुळईला) बोल्टने धरलेला. म्हणजे दोन्ही डोळे एकाच अक्षावर. इथे बुशला जवळजवळ फक्त फिरायचं आहे, शिवाय ब्रेक मारताना मागे-पुढे येणारा धक्का झेलायचा आहे.

मूळ रचनेत प्रत्येक डोळ्यात रबराची दोन अर्धुकं, दोन बाजूंनी घातलेली. पूर्ण गाडीला आठ. हे रबर कशालाच चिकटवलेलं नाही, नुसतं नट आणि चकतीने चेपलेलं. त्यामुळे आर्म वर-खाली होताना रबर थोडं पिळतं आणि थोडं शाफ्टवर घासतं. घासणं हेच त्याचं मरण. तुमचा भुगा त्यातलाच.

१९७३ साली एमजीबी जीटी व्ही-८ आली तेव्हा कंपनीनेच हे बदललं. त्यात आत स्टीलची नळी आणि तिला चिकटवलेलं रबर, असा अखंड बुश. गाडीला चार लागतात. नट आवळला की नळी शाफ्टला घट्ट धरली जाते, डोळा रबराला धरून असतो आणि सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. कुठेच घासत नाही, ग्रीस नाही, आवाज नाही. तुमच्या आर्ममध्ये हा बुश काहीही कापाकापी न करता बसतो. तुमच्या वापराला पुढे हाच घ्या.

कामाचा क्रम थोडक्यात. सुरू करण्याआधी गाडी सपाट जमिनीवर उभी असताना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजून लिहून ठेवा. हा आकडा शेवटी लागणार आहे. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, बॉडी चेसिसच्या मजबूत भागाखाली घोड्यांवर (स्टँडवर). अँटी-रोल बारचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा) लिंक सोडा. स्प्रिंग पॅनखाली जॅक घेऊन डँपरचा आर्म त्याच्या थांब्यावरून किंचित उचलला जाईल इतकंच वर घ्या. मग वरच्या ट्रनियनचा बोल्ट काढा, हब बाहेर झुकवा आणि तारेने बांधून ठेवा. ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका. आता जॅक हळूहळू खाली. स्प्रिंग मोकळी होईपर्यंत समोर तोंड घेऊन बसू नका, बाजूने काम करा. स्प्रिंग निघाली की पॅनचे बोल्ट, मग शाफ्टच्या टोकांचे कॅसल नट. पुढचा आर्म पुढे निघतो, मागचा मागे.

शाफ्ट पुसून नख फिरवा. रबर घासून पायरी पडली असेल किंवा गंजाचे खड्डे असतील तर शाफ्ट बदला, नाहीतर नवी नळी त्यावर नीट बसणार नाही. आर्मचा डोळा आतून पॉलिश पेपरने साफ करा. आर्म पावडर कोटिंगला देणार असाल तर डोळ्याची आतली बाजू आणि पॅन जिथे टेकतो ते पृष्ठभाग झाकायला सांगा. कोटिंगचा जाड थर बोल्टखाली राहिला तर तो काही दिवसांत दबतो आणि घट्ट केलेला बोल्ट आपोआप सैल होतो.

बुश दाबताना मोठा व्हाइस आणि भांड्यांच्या साबणाचं पाणी, बस. साधं ग्रीस, इंजिन ऑइल, डब्ल्यूडी-४०चा फवारा यातलं काही लावू नका. पेट्रोलियमने नैसर्गिक रबर फुगतं. बुश डोळ्याच्या बरोबर मध्यावर हवा, दोन्ही बाजूंना सारखाच बाहेर दिसला पाहिजे.

आणि सगळ्यात मोठी चूक: गाडी घोड्यांवर, आर्म खाली लोंबकळतोय आणि पठ्ठ्या कॅसल नट आवळून मोकळा! अशाने रबराची शून्य जागा लोंबकळत्या स्थितीत ठरते. गाडी खाली उतरली की रबर कायमचं दहा-पंधरा अंश पिळलेल्या अवस्थेत राहतं, त्यात खड्डा आला की आणखी पिळतं आणि वर्ष-दीड वर्षात चिकटवलेल्या जागी फाटतं. नट आधी हाताने टेकवा, शेवटची आवळणी वजन चाकांवर आल्यावर. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळा, मागे फिरवून जुळवू नका. स्प्लिट पिन दर वेळी नवी.

नळी_आणि_ग्रीस

वर लिहिलेलं बरोबर आहे, पण पॉलीला थोडा न्याय मिळायला हवा. पॉलीबद्दलच्या निम्म्या तक्रारी चुकीच्या जागी किंवा कोरडं बसवल्यामुळे येतात.

पॉली चिकटवलेलं नसतं. ते नळीभोवती फिरतं, म्हणजे ते खरं तर साधं घर्षण-बेअरिंग आहे. फायदा असा की त्याला शून्य जागा नाही, आर्म लोंबकळत असताना आवळलं तरी चालतं. तेलाने ते फुगत नाही. तुमच्या विशबोनच्या अक्षावर फक्त फिरणंच असल्यामुळे तिथे पॉली चांगलं चालतं. ब्रेक मारताना आर्म मागे सरकत नाही, स्टीअरिंग नेमकं होतं. फक्त अटी आहेत.

पहिली अट नळीची. एमजीबीसाठी दोन तऱ्हेचे किट मिळतात: स्टीलच्या नळीसकट, आणि नळीशिवाय नुसती अर्धुकं. नळीशिवायचे घेऊ नका. त्यात नट आवळला की चकती पॉलीलाच चेपते, पॉली शाफ्टला आवळतं आणि पुढचं सस्पेन्शन अडखळतं. बारीक खड्ड्यांवर गाडी ताठ वाटते आणि लोक दोष स्प्रिंगला देतात. नळीवाल्या किटमध्ये व्हर्नियर लावून बघा: दोन्ही अर्धुकं एकत्र धरल्यावर नळी त्यांच्यापेक्षा ०.२ ते ०.५ मिमी लांब हवी. चकतीने नळीला धरायचं, पॉलीला मोकळं सोडायचं. नळी आखूड निघाली तर पॉलीची कड सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून कमी करा, नळीला हात लावू नका.

दुसरी अट ग्रीसची. सिलिकोनचं किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) असलेलं चिकट ग्रीस, तेही फक्त नळी आणि पॉली यांच्यामध्ये व कडांच्या घासणाऱ्या बाजूंवर. पॉलीची बाहेरची बाजू डोळ्यात कोरडीच. तिथे ग्रीस लावलं तर पॉली डोळ्यातच फिरायला लागतं. पहिल्या पावसाळ्यानंतर जो कुईंकुईं आवाज येतो, जुन्या लाकडी खाटेसारखा, तो ग्रीस धुऊन गेल्याचा. काही किटमध्ये आतल्या बाजूला ग्रीस साठायला खाचा असतात, ते जास्त टिकतात.

तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही: पॉली इथर जातीचं की एस्टर जातीचं. एस्टर जातीचं घासण्याला आणि तेलाला उत्तम, पण ओल आणि उष्णता मिळून त्याची साखळी तुटते, काही वर्षांत ते चीजसारखं तुकडे पडून निघतं. इंग्लंडच्या हवेला इथर जातीचं मागा. विकणाऱ्याला हे सांगता येत नसेल तर दुसरीकडे जा.

कडकपणा शोअर ए मापात बघा, आकडा जास्त तितकं कडक. रबरी बुश साधारण ६०-६५चा. पॉली ७०पासून ९५पर्यंत मिळतं. रस्त्यासाठी ८०च्या वर जाण्यात अर्थ नाही. ९५चं म्हणजे जवळजवळ प्लास्टिकच.

भोसरीकर

रबराच्या बाजूने दोन गोष्टी, कारण 'रबर टिकत नाही' हे वाक्य लोक फार सहज टाकतात. मूळ कारखान्याचे बुश वीस-वीस वर्षं टिकले. आजची स्वस्त नक्कल दोन वर्षांत भुगा होते. दोन्हींना आपण रबरच म्हणतो. फरक मिश्रणात आहे.

नैसर्गिक रबर पिळाला, थकव्याला आणि धक्के जिरवायला सर्वांत चांगलं, पण तेल आणि ओझोन या दोघांपुढे दुबळं. नायट्राइल तेलाला तोंड देतं, मात्र ओझोनने त्याला तडे जातात आणि थंडीत कडक होतं. ईपीडीएम ऊन-ओझोनला पक्कं, पण तेलात फुगतं. निओप्रीन मधलं. चिकटवलेल्या बुशसाठी अजूनही नैसर्गिक रबरच योग्य, तेलाची गळती बंद करणं हा त्यावरचा इलाज.

'जुना, न वापरलेला, कंपनीच्या पुडीतला' असा बुश मिळाला म्हणून खूश होऊ नका. रबर पुडीत बसूनही म्हातारं होतं. शोअर ए मोजायचं छोटं मीटर मिळतं. बुशच्या कडेपासून आत, जिथे रबर किमान ६ मिमी जाड आहे, तिथे टेकवा. ८०च्या पुढे गेला तर तो शोकेसमध्ये ठेवायचा. मीटर नसेल तर नखाने दाबा. खूण उमटून परत भरली तर जिवंत आहे. वाकवल्यावर बारीक तड्यांचं जाळं दिसलं तर गेला.

इकडे भारतात ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांना बाहेरून भाग मागवणं महाग पडतं, म्हणून ते भोसरी-पिंपरीकडच्या रबर मोल्डिंगवाल्यांकडून बुश करून घेतात. होतो, चांगला होतो, पण ऑर्डर देताना नुसता नमुना टेबलावर ठेवून येऊ नका. लिहून द्या: नैसर्गिक रबर, ६० ते ६५ शोअर ए, नळ्या ब्लास्टिंग करून, तेल काढून, प्राइमर आणि बाँडिंगचं रसायन लावून साच्यात साधारण १५० अंशांना व्हल्कनाइझ केलेल्या. तयार रबर नळीत कोंबून फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवून देणारेही भेटतात, तो बुश पहिल्याच घाटात सुटतो. आणखी एक बारकी गोष्ट: बाहेरूनही नळी असलेला बुश साच्यातून निघून थंड होताना रबर आकसतं, आणि दोन नळ्यांमध्ये ते ताणलेलं राहतं. ताणलेलं रबर लवकर फाटतं. म्हणून चांगला कारखाना नंतर बाहेरची नळी दाबून किंचित लहान करतो, तेव्हा रबर दाबाखाली येतं. 'नंतर दाबणार का' एवढं विचारा. समोरचा गोंधळला तर समजा की हे काम त्याने केलेलं नाही.

सर्व्हिसिंगच्या शेवटी खालून डिझेल आणि जळक्या ऑइलचा फवारा मारायची आपल्याकडची जुनी सवय मात्र बंद करा. पाटे चकाकतात, आवाज आठवडाभर गप्प होतो, आणि सगळे रबरी बुश फुगून मऊ पडतात.

क्रोम_बंपर

सगळ्यांचे आभार. पुढे व्ही-८वाले चार, ठरलं. आता तीन शंका.

१. मागचा ठोका: पाट्याच्या (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पुढच्या डोळ्यात आणि शॅकलमध्ये (पाट्याचं मागचं टोक बॉडीला टांगणाऱ्या झुलत्या कडीत) काय घालू? तिथे पॉली घालून 'मागचं स्टीअरिंग' (मागचा अ‍ॅक्सल सरकून गाडी आपोआप वळणं) बंद होतं असं सगळीकडे लिहिलेलं आहे.

२. क्रॉसमेंबर आणि चेसिस यांच्यामधले रबरी पॅड चपटे झालेत. त्याजागी कडक पॉलीचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे घातले तर?

३. डेल्रिनचं कोणीच बोललं नाही.

पाटा_कमान

मागच्या बाजूला पॉलीच्या नादी लागू नका, निदान दोन्ही टोकांना तरी नको.

विचार करा, एक मागचं चाक खड्ड्यात गेलं की अ‍ॅक्सल तिरका होतो. पाटे अ‍ॅक्सलला यू बोल्टने आवळलेले, म्हणजे तेही तिरके होणार, पण त्यांची टोकं बॉडीला धरलेली. हा पीळ कुठे तरी जिरायला हवा. रबर तो गिळतं. पॉली फिरायला तयार असतं, पण वाकडं व्हायला नाही. कडक पॉली दोन्ही टोकांना घातलं की पीळ मुख्य पाट्याच्या डोळ्यात, शॅकलच्या पिनांत आणि शेवटी बॉडीवरच्या हँगरच्या पत्र्यात जातो. पन्नास वर्षांच्या पत्र्याला हे नको आहे. हाच धडा डॅटसन २४०झेडच्या मालकांनी वेगळ्या जागी घेतला. तिथे पुढच्या टेन्शन रॉडच्या दोन्ही बाजूंना कडक पॉली घातलं की रॉडला वाकडं व्हायची मुभा राहत नाही आणि तो मोडतो.

पुढच्या डोळ्यात मूळ अखंड, चिकटवलेला बुश असतो. गाडीला दोन. गाडी ढकलण्याचा आणि थांबवण्याचा सगळा जोर याच बुशमधून बॉडीला मिळतो. तुमचा क्लच सोडतानाचा ठोका बहुधा इथला किंवा शॅकलचा. यू बोल्टही तपासा, ढिला असेल तर अगदी असाच ठोका येतो.

पुढच्या डोळ्याचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेला असतो, तो या कामातला खरा शत्रू. दोन दिवस आधीपासून गंजावरचं ऑइल मारत राहा. फिरतोय पण निघत नाही अशी अवस्था आली तर बोल्टबरोबर नळीही फिरतेय, रबर पिळतंय. मग ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी कापण्याला पर्याय नाही, बुश तसाही जाणारच आहे. पाटा काढला की जुना बुश १२ मिमीचा थ्रेडेड रॉड, एका बाजूला बुशच्या बाहेरच्या कवचाहून किंचित लहान गोटी (सॉकेट) आणि दुसऱ्या बाजूला डोळ्याहून मोठी गोटी, अशी रचना करून ओढून काढा. नुसतं रबर फाटून कवच आतच राहिलं तर हॅकसॉचं पातं डोळ्यातून आत घालून कवचाला एक उभी चीर पाडा, डोळ्याच्या लोखंडाला पातं लागायच्या आधी थांबा, मग छिन्नीने कवच आत दुमडा. गॅस लावून रबर जाळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. धूर विषारी असतो आणि पाट्याच्या डोळ्याचं पाणी उतरतं.

नवा बुश दाबताना जोर बाहेरच्या कवचावर. आतल्या नळीवर जोर दिला की रबराचं चिकटवलेलं अंग बसण्याआधीच सुटतं, आणि हे बाहेरून दिसतही नाही. नव्या बोल्टला तांब्याचं ग्रीस लावा, रबराला लागू देऊ नका. हा बोल्टही गाडी जमिनीवर असतानाच आवळायचा.

शॅकलला प्रत्येक बाजूला दोन पिना, प्रत्येक पिनेवर दोन अर्धुकं, म्हणजे गाडीला आठ. इथे मूळ रबर स्वस्त आहे आणि बदलायला तासभर लागतो, पाच वर्षांनी पुन्हा बदला. पॉली घालायचंच असेल तर फक्त शॅकलला आणि ७०-८०च्या कडकपणाचं. पण पॉलीची अर्धुकं अनेकदा लांबीला जास्त असतात. पट्टी बसत नाही म्हणून लोक नट आवळत जातात आणि शॅकल जाम होतो. मग पाटा लांब व्हायला जागा मिळत नाही, मागची बाजू उंच राहते आणि गाडी बैलगाडीसारखी उडते. कसोटी सोपी आहे: पाट्याचं मागचं टोक बसवल्यावर, वजन नसताना शॅकल हाताने झुलला पाहिजे. नाही झुलला तर अर्धुकाची कड अर्धा-एक मिमी घासा.

पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये वर-खाली रबरी पॅड असतात, गाडीला चार. ते आत्ताच बदला, पुन्हा कोण उघडणार. यू बोल्ट नवे, तिरपे-तिरपे थोडे थोडे आवळा, आणि शंभर मैलांनी पुन्हा बघा.

घोडीवर_गाडी

क्रॉसमेंबरच्या पॅडबद्दल. तिथे रबरच, आणि मूळ जाडीचंच. कारण आवाजापुरतं नाही. या गाडीत स्टीअरिंगची रॅक क्रॉसमेंबरवर बसते आणि कॉलम बॉडीवर. मधला युनिव्हर्सल जॉइंट तेव्हाच मोकळा फिरतो जेव्हा कॉलम आणि रॅकच्या पिनियनची रेषा जुळते. पॅड चेपले की बॉडी क्रॉसमेंबरवर खाली बसते आणि रेषा बिघडते. अ‍ॅल्युमिनियमचे वेगळ्या जाडीचे घातले तरी तीच गत. स्टीअरिंग एका जागी जड आणि एका जागी हलकं लागत असेल तर हे आधी बघा. पॅड बदलल्यावर जॉइंट सोडून, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, मगच पुन्हा आवळा. अ‍ॅल्युमिनियमच्या पॅडने इंजिनाची थरथर थेट पावलांखाली येते, ती वेगळीच.

अँटी-रोल बारच्या दोन डी-बुशना मात्र खुशाल पॉली घाला. तिथे बारला फक्त फिरायचंय, आणि कडक बुशमुळे बार लगेच कामाला लागतो. आधी बारचा व्यास व्हर्नियरने मोजा. जुन्या रोडस्टरचा १४.३ मिमी, जीटीचा १५.९ मिमी, आणि पन्नास वर्षांत कोणी तरी बदललेलाही असू शकतो. १५.९ला १४.३चा बुश ठोकून बसवला की बार आवळला जातो आणि दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी वागतात.

वरच्या ट्रनियनला प्रत्येक बाजूला दोन अर्धुकं, एकूण चार. तिथे रबर किंवा मऊ पॉली, दोन्ही चालतं. आवळणी रबर असेल तर जमिनीवरच. किंगपिनच्या खालच्या टोकाला रबर नाहीच, तिथे कांस्याचे बुश आणि नळी आहे. त्याला हवं ते ग्रीस. एका बाजूचे तीन निपल, वर्षातून निदान दोनदा, नवं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत.

नळी_आणि_ग्रीस

डेल्रिन म्हणजे अ‍ॅसिटल. गुळगुळीत, पाणी फारसं न पिणारं, लेथवर सुंदर निघणारं. शर्यतीच्या एमजीबीत खालच्या विशबोनला ते अगदी योग्य आहे, कारण अक्ष एकच. पण त्यात 'देणं' शून्य. शाफ्ट किंचित वाकडा असेल, किंवा दोन आर्मचे डोळे सरळ रेषेत नसतील (आणि दाबलेल्या पत्र्याचे आर्म क्वचितच असतात), तर रबर ती चूक झाकतं, डेल्रिन जाम होतं. शिवाय रस्त्यावरची प्रत्येक खडी ऐकू येते. आठवड्याला शंभर मैल आरामात फिरणाऱ्या जीटीत ते घालू नका.

आणि लेथवाल्याने 'डेल्रिन नाही, नायलॉन आहे, तेच ते' असं म्हटलं तर उठून या. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. उन्हाळ्यात मोकळा फिरणारा बुश ओल्या हवेत शाफ्टला धरून बसतो.

क्रोम_बंपर

यादी अशी केली: पुढे व्ही-८चे चार, ट्रनियनला रबराची चार अर्धुकं, बारला पॉलीचे दोन डी-बुश १५.९चे, क्रॉसमेंबरचे रबरी पॅड, मागे पुढच्या डोळ्याचे चिकटवलेले दोन, शॅकलला रबराची आठ अर्धुकं, अ‍ॅक्सलचे चार पॅड, यू बोल्ट, स्प्लिट पिना.

शेवटचा अडथळा. गाडी चाकांवर उतरवली की खाली शिरायला जागाच नाही. कॅसल नट वजनावर आवळायचा कसा?

घोडीवर_गाडी

दोन रस्ते. चारही चाकांखाली रॅम्प किंवा सारख्या उंचीच्या जाड लाकडी फळ्यांची चळत, प्रत्येक चळत चाकापेक्षा रुंद. दोनच चाकं वर घेतलीत तर वजन पुढे-मागे कलतं. मग गाडी दोन-चार वेळा पुढे-मागे ढकला आणि बॉनेटवर दाबून हलवा, म्हणजे जमिनीला धरून आत-बाहेर अडकलेली चाकं आपापल्या जागी येतात. यानंतर खाली शिरा.

रॅम्प नसतील तर बॉडी घोड्यांवरच ठेवून स्प्रिंग पॅनखाली जॅक घ्या आणि सुरुवातीला लिहून ठेवलेलं हब ते मडगार्ड अंतर येईपर्यंत चढवा. तेवढ्यात बॉडी घोडीवरून सुटायला लागली तर ती बाजू हलकी आहे. बूटमध्ये नव्हे, पुढे इंजिनच्या बाजूला वजन हवं, म्हणून सोपं म्हणजे रॅम्पच. स्प्रिंगही नव्या टाकणार असाल तर जुना आकडा उपयोगाचा नाही. आधी पन्नासेक मैल चालवून स्प्रिंग बसू द्या, मग सगळे नट ढिले करून पुन्हा वजनावर आवळा.

बुश बदलल्यावर टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) हमखास बदलतं, कारण आर्म आता खरोखर मध्यावर आला. १.५ ते २.३ मिमी आत ठेवा. कॅम्बर आणि कॅस्टर (चाकाचा आडवा कल आणि किंगपिनचा मागे-पुढे कल) या गाडीत जुळवता येत नाहीत, त्यामुळे अलाइनमेंटवाल्याने त्याचे पैसे लावले तर देऊ नका. ते दोन आकडे दोन बाजूंना फारच वेगळे आले तर क्रॉसमेंबर किंवा डँपरचा आर्म वाकलेला आहे का ते बघा.

भोसरीकर

तुमची गाडी चाळीस वर्षांवरची, म्हणजे फार बदल केले नसतील तर तिकडे एमओटीची वार्षिक तपासणी सक्तीची नाही. त्यामुळे खाली टॉमी घालून बघणारा दुसरा कोणी नाही. हिवाळ्यात गाडी उभी करण्याआधी एकदा चकत्या डोळ्याच्या मध्यावर आहेत का ते टॉर्चने बघत जा, पाच मिनिटांचं काम आहे.